पिंगीला चालवते

बाई गेल्या. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य पूर्ण आहे. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, आणि कर्माची त्याला गरज नाही. साताऱ्याहून आलेल्या माणसाने दारात उभे राहून नुसते ‘गेल्या’ एवढेच म्हटले, आणि मी विचारले, ‘कोण?’ कोण ते मला कळले होते. साताऱ्यात माझे दुसरे कोणी नव्हते. तरीही विचारले, कारण बाईंच्या सहवासात राहिलेल्या माणसाला कर्त्यावाचून क्रियापद ऐकवत नाही. तो माणूस गोंधळला. मग म्हणाला, ‘बाई गेल्या.’ मी म्हटले, ‘हं.’

त्या आमच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत. मराठी म्हणजे त्यांच्या लेखी व्याकरण. कविता त्या शिकवत, पण पाहुण्याला चहा द्यावा तशा. मी वाईहून सांगलीला नोकरीला आले तेव्हा एकट्या बाईला खोली मिळणे सोपे नव्हते. बाईंनी मला त्यांच्या दोन खोल्यांपैकी एक देऊ केली. ‘माझ्याकडे एक खोली जास्त आहे. तुम्ही तिथे राहा.’ त्यांचे पहिले बोलणे एवढेच. विश्रामबागेकडे तेव्हा घरे तुरळक होती. आमच्या कौलारू घराच्या मागे परस, परसापलीकडे विहीर, आणि विहिरीपलीकडे शेतेच.

बाई उंच होत्या. पाठ इतकी ताठ की वर्गात त्या फळ्याकडे वळल्या तरी मुली बोलायला धजत नसत. पायात पुरुषी वहाणा, हातात पुरुषी छत्री. आणि बोलणे छापल्यासारखे. आपण सगळे बोलताना ‘झालं’, ‘गेलं’, ‘कळलं’ म्हणतो. बाई ‘झाले’, ‘गेले’, ‘कळले’ म्हणत. दूधवाल्याशीसुद्धा. ‘आज दूध पातळ झाले आहे’ असे त्या म्हणाल्या की तो बिचारा कोर्टात उभा असल्यासारखा ‘व्हय जी’ म्हणून खाली बघे.

पण त्यांचे खरे वेड कर्त्याचे. क्रिया झाली की ती कुणीतरी केली, आणि ज्याने केली त्याने वाक्यात येऊन उभे राहिले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. ‘बाई, जेवलात?’ असे विचारले तर त्या ‘हो’ म्हणत नसत. ‘मी जेवले’ म्हणत. वर्गात एखादी मुलगी म्हणाली, ‘बाई, खडू मोडला,’ की बाई खडूचे दोन्ही तुकडे हातात घेऊन शांतपणे विचारत, ‘तो स्वतः मोडला?’ मंडईत एकदा भाजीवालीने सांगितले, ‘वांगी संपली.’ बाईंनी विचारले, ‘कुणी संपवली?’

‘आवं बाई, मानसांनी!’ भाजीवाली म्हणाली. ‘मी काय आख्खी पाटी खाऊन बसलीया व्हय?’

बाजूच्या बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत, पण समाधानाने मान हलवली. कर्ता मिळाला होता.

हे वेड कुठून आले असेल, याचा मी फार वर्षांनी विचार केला. त्यांचे लग्न झाले होते, आणि त्या सासर सोडून शिकायला निघून आल्या होत्या. एका हळदीकुंकवाला कुणीतरी त्यांच्या पाठीमागे, पण त्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, ‘टाकलेली आहे ती.’ मी शेजारीच होते. मला जमिनीत शिरावेसे वाटले. बाई वळल्या. आवाज वर्गातला, जरासुद्धा चढलेला नाही. ‘‘टाकलेली’ हे विशेषण आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मी निघाले, हे वाक्य आहे.’ आणि बत्तासे पदरात घेऊन बाहेर पडल्या. वाटेत त्यांनी मला त्यातला एक दिला. मी तो खाल्ला नाही, पुष्कळ दिवस कपाटात ठेवला. मुंग्यांनी नेला.

पुढे त्या साताऱ्याला गेल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. मी सुटीत जात असे. लिहिताना अक्षरांवरची न उच्चारायची टिंबे काढून टाकायची असे ठरले, तेव्हा मी तिथे होते. मी सहज म्हटले, ‘बाई, टिंबं गेली.’ त्या म्हणाल्या, ‘ती गेली नाहीत. माणसांनी ती काढली.’ आणि अजिंक्यताऱ्याकडे बघत बराच वेळ बसल्या, जणू टिंबे त्या बाजूने निघून चालली होती.

पण मला सांगायचे आहे ते सांगलीचे आणि पिंगीचे.

पिंगी ही कुत्री. बदली होऊन गेलेल्या कुणा रेल्वेच्या साहेबाने तिला मागे ठेवले होते, आणि ती स्टेशनवरून बाईंच्या मागे मागे घरी आली होती. रंगाने पिंगट, कान लोंबते, अंग लांब आणि पाय इतके आखूड की दुरून एखादे लाटणे आपण होऊन चालत येते आहे असे वाटे. बाई तिच्याशीही पूर्ण वाक्यात बोलत. आपण कुत्र्याला ‘ये’, ‘बस’, ‘गप’ म्हणतो. बाई म्हणत, ‘पिंगी, तू इकडे ये.’ आज्ञा करतानासुद्धा ‘तू’ सोडायचा नाही. आणि पिंगी खरोखरच ‘तू’ ऐकल्याशिवाय हलत नसे. मी नुसते ‘ये’ म्हटले की ती माझ्याकडे अशी बघे की माझे शिक्षण अपुरे राहिले आहे हे मला कळे.

बाईंचा एक पाठ ऐकायला मी माझा मोकळा तास सोडून मागच्या बाकावर जाऊन बसत असे. तो शक्य क्रियापदाचा. ‘मी चालते’ म्हणजे मी चालण्याची क्रिया करते. ‘मला चालवते’ म्हणजे चालणे मला शक्य आहे, माझ्या अंगात तेवढे बळ आहे. आजारातून उठलेले माणूस म्हणते, आता मला चालवते. बाई फळ्यावर ही दोन वाक्ये लिहीत आणि म्हणत, ‘मुलींनो, पहिल्या वाक्यात इच्छा दिसते. दुसऱ्यात माणूस किती उरला आहे ते दिसते.’ मग तिसरे वाक्य लिहीत: ‘मी मुलाला चालवते.’ इथे तेच क्रियापद, पण अर्थ निराळा. मूल चालत नाही, मी त्याला धरून चालायला लावते. ‘आता यातला ‘मी’ पुसा,’ बाई म्हणत. एक मुलगी उठून पुसे. उरे ते ‘मुलाला चालवते’. म्हणजे मुलाला चालता येते.

‘पाहा,’ बाई म्हणत. ‘फक्त ‘मी’ गेला, आणि मूल आपल्या पायांवर उभे राहिले.’

दरवर्षी हेच बोलत, आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा येई. व्याकरणाने काटा येतो हे कुणाला सांगण्यासारखे नाही, म्हणून मी सांगत नसे.

आषाढाच्या सुरुवातीला एका सकाळी पिंगीने ओट्यावरून उडी मारली. रोजच मारायची. ती खाली पडली, ओरडली, आणि पुढच्या दोन पायांवर उठली. मागचे पाय उठले नाहीत. ते तिच्या मागे ओल्या फडक्यासारखे पडून राहिले. तिने वळून त्यांच्याकडे पाहिले. कुत्र्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य असते हे मी त्या दिवशी पाहिले.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भले होते, पण त्यांच्या अंगणात बैल आणि म्हशी उभ्या होत्या, आणि टेबलावर हे एवढेसे लाटणे. त्यांनी पाठीवरून बोट फिरवले, मागच्या पंजाला चिमटा काढला. पिंगीने पाय ओढला नाही, पण मान वळवून डॉक्टरांकडे पाहिले.

‘कण्यात दुखावली आहे,’ ते म्हणाले. ‘लांब पाठीच्या कुत्र्यांना होतं असं. पण तिला कळतंय, हे बरं आहे. काही दिवस हलवू नका. मग पोटाखाली फडकं घालून उभी करून बघा. उठली तर उठली.’

‘आणि ती उठली नाही तर?’

‘मग घेऊन या. सुई देऊ. त्रास होणार नाही तिला.’

‘सुई कोण देईल?’ बाईंनी विचारले.

डॉक्टर म्हणाले, ‘मी देईन.’

‘ठीक आहे,’ बाई म्हणाल्या आणि पिंगीला पाटीत घालून छत्रीखाली घरी घेऊन आल्या.

आमचे घरमालक पुढच्या भागात राहत. सगळे त्यांना आबा म्हणत. कडेगावाकडचे, उसाचे मळे असलेले, आवाजाने मोठे आणि मनाने मऊ असे म्हातारे. मुलगा फौजेत, लढाईवर. घरात सून आणि अंगणात रांगणारी नात. त्या संध्याकाळी आबा ओट्याशी आले, पाटीत डोकावले आणि दोन पावले मागे सरकले.

‘बाई, हे कुत्रं पिसाळलंय.’

‘ती पिसाळलेली नाही. तिच्या कण्याला दुखापत झाली आहे.’

‘आवं, मला नका शिकवू. माझ्या धाकट्या भैनीला चावलं ते कुत्रं असंच मागलं पाय वढत आलं हुतं. आमी हसलो त्याला. बघा, बसून चालतंय म्हनून हसलो. आन् मग पोर पान्याची वाटी बघून किंचाळाय लागली.’ नात ओट्याच्या खांबाला धरून उभी राहत होती. त्यांनी वाकून तिला उचलले आणि पदरात घेतल्यासारखी धोतराशी धरली.

बाई आत गेल्या, पाण्याची वाटी आणून पाटीत ठेवली. पिंगी लपलप प्यायली. शेवटचा थेंब चाटून वाटी नाकाने सरकवली.

‘आज पीतंय,’ आबा म्हणाले. ‘उद्याचं कुनी सांगावं? मी बेंदराला गावी निघालोय. बैलांची पूजा हाय, मग शेतात भांगलन हाय. श्रावनाच्या तोंडावर येतो. तवर कुत्र्याला चालवाय पायजे. न्हाई तर नगरपालिकेचा मानूस बोलावतो. आन् ते तुमाला सोसनार नसंल तर खोल्या मोकळ्या करा. राग धरू नका बाई. घरात लेकरू हाय.’

‘मी राग धरत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘तुमचे म्हणणे बरोबर आहे.’

ते आत गेल्यावर मी म्हटले, ‘बरोबर कसं? ती पिसाळलेली नाही.’

‘ते आपल्याला माहीत आहे. त्यांना बहीण माहीत आहे.’

डॉक्टरांनी सांगितलेले पडून राहायचे दिवस सरले आणि बाईंनी जुन्या लुगड्याचा एक पट्टा फाडला. तो पिंगीच्या पोटाखालून घालून दोन्ही टोके वर धरली. कुत्रीची उंची एवढीशी, त्यामुळे बाईंना कमरेत पार वाकावे लागे. ती पाठ वाकलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. देवळातसुद्धा त्या उभ्यानेच नमस्कार करत. आता रोज सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी शाळेनंतर त्या परसातून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून परसात, एका लाटण्यामागे वाकून चालत. पिंगीचे पुढचे पाय झपझप पडत. मागचे लोंबत, पंजे उलटे होऊन चिखलात घासत. बाई थांबून प्रत्येक पंजा हाताने सुलटा करत, जमिनीवर टेकवत, आणि म्हणत, ‘हा तुझा डावा पाय आहे.’ ‘हा तुझा उजवा पाय आहे.’ वर्गातल्याच आवाजात.

तिला लघवीला धरायच्या, खाली भिजलेले गोणपाट धुवायच्या, घासून सोललेल्या कातडीला कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी लावायच्या. हे सगळे करताना त्यांच्या तोंडून कधी ‘बिचारी’ हा शब्द आला नाही. मी एकदा म्हटला. बाईंनी वर पाहिले.

‘ती काम करते आहे,’ त्या म्हणाल्या. ‘काम करणाऱ्याला बिचारे म्हणू नये.’

येणारे-जाणारे बघत. शेतावरच्या गड्यांपैकी कुणी हाक मारी, ‘काय बाई, कुत्र्याची शाळा भरली व्हय?’ ‘शाळा भरली आहे,’ बाई वाकूनच उत्तर देत. रात्री त्यांना सरळ झोपता येत नसे; कुशीवर वळताना दोन खोल्यांमधल्या भिंतीपलीकडून हुंकार ऐकू येई. मी म्हटले, एक वेळ मी धरते. त्यांनी मला धरू दिले. परसाच्या अर्ध्यावर माझ्या कमरेने सांगितले की हे रोज करणे मला शक्य नाही. बाईंनी पट्टा परत घेतला. मला त्यांच्याविषयी तेव्हा जे वाटले त्याला आदर हा शब्द थिटा पडतो. आदर बसल्या जागेवरून करता येतो.

आबा श्रावणाच्या आधी आले. संध्याकाळची वेळ होती. बैलगाडी फाटकाशी थांबली, आणि खाली उतरायच्या आधीच त्यांनी आवाज दिला. बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. पिंगी पाटीत झोपली होती. मी दारात होते.

‘काय बाई! चालवतंय का कुत्र्याला?’

आबांच्या बोलीत गोंधळ होत नाही. ‘चालवतंय’ म्हणजे कुत्र्याला चालता येते. बाईंनी धरून चालवण्याविषयी विचारायचे असते तर ते ‘चालवताय’ म्हणाले असते. गोंधळ आमच्या पुस्तकी मराठीत आहे, जिथे दोन्हींना एकच रूप.

बाईंचा हात तांदळात थांबला.

‘चालवते,’ त्या म्हणाल्या.

‘बेस झालं!’ आबा म्हणाले. ‘लय बेस झालं. म्या म्हनलंच हुतं.’ आणि नातीला हाका मारत आत गेले.

मी बाईंकडे पाहिले नाही. त्यांच्या सगळ्या आयुष्यात कर्ता नसलेले हे एकच वाक्य मी ऐकले. ते खोटे नव्हते. बाई पिंगीला चालवत होत्या, रोज, दोन वेळा. फक्त ‘मी’ वाक्यात आला नाही.

दिवे लागल्यावर त्या माझ्या खोलीच्या दारात आल्या. ‘तुम्ही ऐकले.’

‘ऐकलं.’

‘तुम्ही काय ऐकले?’

‘बाई, तुम्ही खोटं बोलला नाहीत.’

‘खोटे बोलणाऱ्याला निदान पुढे यावे लागते,’ बाई म्हणाल्या. ‘मी मागे लपले. त्यांनी मला सरळ प्रश्न विचारला आणि मी त्यांना फळ्यावरचे वाक्य दिले, त्यातला एक शब्द पुसून.’

‘पण सांगितलं तर ते माणूस बोलावतील. नाहीतर आपल्याला खोल्या सोडाव्या लागतील.’

‘होय.’

‘आणि पिंगीला अजून चालवत नाही.’

‘नाही,’ बाई म्हणाल्या. ‘तिला अजून चालवत नाही.’ आणि वळून आपल्या खोलीत गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी त्या काय करणार हे विचारायची मला गरज नव्हती.

सकाळी आबा विहिरीवर तोंड धूत होते. बाई पिंगीला कडेवर घेऊन गेल्या. मी मागे गेले, कारण जे होईल ते आम्हा तिघींना मिळून होणार होते.

‘आबा, काल मी तुम्हाला अपुरे सांगितले. पिंगीला मी चालवते. तिला स्वतःला चालवत नाही. तिला कधी चालवेल हे मला माहीत नाही. आता तुम्ही ठरवा.’

आबांनी चूळ भरली, टाकली, धोतराच्या सोग्याने तोंड पुसले. बराच वेळ पुसले.

‘ठावं हाय मला,’ ते म्हणाले.

‘तुम्हाला काय ठाऊक आहे?’

‘आवं, सूनबाईनं गाडीतनं उतरल्या उतरल्या सांगितलं. बाई रोज कुत्र्यामागं वाकून चालत्यात, म्हनं, सगळी आळी बघतीया. म्हनलं बरं हाय. साऱ्या गावाला कर्ता इचारत्यात, एक डाव आपला चुकवला. चुकवू द्या की.’ ते हसले. मग हसू गेले. ‘पिसाळल्यालं असतं तर कवाच मेलं असतं. ते मला बी कळतंय बाई. गावाकडं गेल्यावर कळलं. भैनीला चावलं ते कुत्रं आठ दिसबी जगलं न्हाई. भ्या माझ्याच पोटात हुतं.’

पिंगीने मान पुढे करून त्यांच्या ओल्या हाताचा वास घेतला. त्यांनी हात मागे घेतला नाही. मला वाटते, तसे करायला त्यांना पुष्कळ बळ लागले असेल.

‘पन जनावर एकदा बसलं की बसलं, बाई. म्या बैल बघितल्यात. चांगलं चांगलं बैल. हे चालंल का?’

‘मला माहीत नाही.’

‘मग कशापायी पाठ मोडून घेताय?’

‘तिला उठायचे आहे,’ बाई म्हणाल्या. ‘प्रत्येक सकाळी मी पट्टा घालण्याच्या आधी ती एकदा स्वतः प्रयत्न करते. तुम्ही पाहिलेत तर तुम्हालाही नुसते बघत उभे राहवणार नाही.’

आबा आत गेले आणि बैलाची जुनी झूल घेऊन आले. बेंदराला बैलाच्या पाठीवर घालायची, जाड मऊ सुताची, तांबडी, कडेला आरशाच्या टिकल्या निखळलेल्या. त्यांनी ती दातांनी धरून टर्रकन फाडली. ‘हे घ्या. लुगड्याचा पट्टा काचतोय तिला, पोटाखाली बघा लाल झालंय. आन् लांब हाय, तुमची पाठ बी थोडी वर ऱ्हाईल.’

त्या दिवसापासून पिंगी बैलाची झूल पोटाखाली घेऊन चालू लागली.

कधी सुधारले ते सांगता येत नाही, कारण सुधारणा दिवसाने होत नव्हती. आधी शेपटी हलली. एके दिवशी उलटा झालेला पंजा बाईंनी हात लावायच्या आत सुलटा झाला, आणि बाई वाकलेल्याच, न हलता उभ्या राहिल्या, जणू त्यांच्या हातून काही सांडले असते. मग मागचे पाय जमिनीला लागले की ढकलू लागले. वाकडे, एकमेकांत अडकत, पण ढकलू लागले. दसरा गेला, दिवाळी गेली. शेतांवरून गार वारा येऊ लागला. परसातल्या मातीत विहिरीपर्यंत एक पायवाट पडली होती: मध्ये लहान पंजे, दोन्ही बाजूंना पुरुषी वहाणा.

त्या सकाळी आबा विहिरीच्या काठावर बसून मिश्री लावत होते. मी परसात कपडे वाळत घालत होते. बाई आणि पिंगी नेहमीप्रमाणे निघाल्या. अर्ध्यावर आल्या असतील, आणि आबांचा हात तोंडाशीच थांबला.

‘बाई,’ ते म्हणाले. ‘झूल बघा.’

मी पाहिले. झूल सैल होती. दोन्ही टोके बाईंच्या मुठीत होती आणि मध्ये तिला झोळ पडला होता. पिंगीच्या पोटाला ती लागतसुद्धा नव्हती. पिंगी चालत होती. मागचा भाग डावीकडे झुकत होता, दारू प्यायलेल्या माणसासारखा, पण चारही पाय तिचे तिनेच टाकलेले होते.

‘बाई, चालवतंय तिला! आपलं आपुन चालवतंय!’

‘मला दिसले आहे,’ बाई म्हणाल्या. त्या तशाच वाकलेल्या, तशाच तिच्यामागून चालत होत्या.

‘कवापास्नं?’

‘ती परवापासून चालते आहे.’

आबा उठून उभे राहिले. ‘परवापास्नं? मग रिकामी झूल धरून कशाला वाकलाय? सोडा की ती!’

बाई थांबल्या. पिंगी थांबली. त्या सकाळी विहिरीवर रहाट चालू नव्हता, म्हणून त्या किती हळू बोलल्या तरी मला ऐकू आले.

‘मला सोडवत नाही,’ त्या म्हणाल्या.

मी दोरीवरचे लुगडे तसेच धरून उभी राहिले. फळ्यावर त्यांनी हे वाक्य कधी लिहिले नव्हते.

आबांनी मिश्रीचे बोट धोतराला पुसले. हळूहळू, घाबरलेल्या जनावराजवळ जावे तसे, बाईंजवळ आले. त्यांनी झूल ओढली नाही. एका मुठीतले टोक नुसते आपल्या हातात घेतले. बाईंनी ते घेऊ दिले. आता एक टोक आबांच्या हातात आणि एक बाईंच्या, आणि मध्ये ती तांबडी झूल हळूहळू खाली आली, मातीला लागली. पिंगीने मागे वळून दोघांकडे पाहिले. बाईंनी तिला काही सांगितले नाही, ‘तू’ म्हटले नाही, काहीच म्हटले नाही. पिंगी झुलीवर पाय देऊन तिच्या बाहेर पडली आणि डावीकडे झुकत, सावरत, विहिरीच्या दिशेने चालू लागली. आणि ती दोघे झुलीचे एकेक टोक धरून तिथेच उभी राहिली.